विद्यापीठाचं घर पाहणं

बारावीनंतर मी कुठे शिकावं, हे आमच्या घरात सोयरिकीच्या रीतीने ठरलं. आत्या पुढे, वडील मागे आणि ज्याला द्यायचं तो मी, असे तिघे जण आम्ही हिमालयातल्या एका विद्यापीठाचं घर पाहायला गेलो होतो. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. आता माझी पन्नाशी उलटली आहे, तेव्हा जे पक्कं आठवतं तेवढंच लिहितो.

आम्ही त्या वेळी आदिलाबाद जिल्ह्यातल्या उटनूरला राहत होतो. वडील तिथल्या एका कचेरीत नोकरीला होते. मी अकरावीत असताना हिवाळ्यात उत्तरेकडच्या एका विद्यापीठातल्या मुलामुलींचा एक गट आमच्या कॉलेजाच्या व्हरांड्यात येऊन उतरला. आसपासच्या रानात कोणतं गवत कुठे आणि किती वाढतं, याची पाहणी त्यांना करायची होती. जीप मिळत असतानाही ही मंडळी रानातल्या गावांना पायी जात. ताट ज्याचं तो धुई. पण गावाला नवल वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. बिस्किटाचे कागद, फुटक्या बाटल्या, संपलेले सेल असा सगळा कचरा त्यांनी एका पोत्यात भरून ठेवला होता आणि निघताना ते पोतं बसच्या टपावर चढवलं.

नाक्यावरचा चहावाला ओरडला, "क्या साब, कचरा भी पार्सल ले जा रहे?"

त्यांच्यातली एक मुलगी खाली वाकून म्हणाली, "साथ लाए थे चाचा, साथ ले जाएँगे. आपका गाँव तो पहले से ही साफ़ है."

गाव साफ नव्हतं, हे चहावाल्यालाही ठाऊक होतं. तो खुशीत हसला.

त्यांना वाटा दाखवायला मी बरोबर जात होतो. मला तेव्हा पाऊस मोजायचा नाद होता. घरामागच्या ओट्यावर पत्र्याचा डबा ठेवून मी पट्टीने पाणी मोजायचो. घरात त्याला खूळ म्हणत. त्या मुलांनी डबा हातात घेऊन पाहिला, त्याचं तोंड मोजलं, भिंत किती जवळ आहे ते पाहिलं आणि माझी मोजणी कुठे चुकते ते सांगितलं. मला वाईट वाटायला हवं होतं. उलट आनंदच झाला. माझ्या खुळात बरोबर आणि चूक असं काही असू शकतं, हे मला पहिल्यांदाच कोणी सांगत होतं.

त्यांचं विद्यापीठ डोंगरावर होतं. तिथल्या गोष्टी ते मला सांगत. फाटकाच्या आत गाड्या नेत नाहीत, पहिल्या वर्षी प्रत्येकाला झाडं लावून ती जगवावी लागतात, सुटीच्या दिवशी सगळे मिळून कुठल्या तरी कड्यावर चढतात, आणि वनस्पतिशास्त्राचा अर्धा अभ्यास रानात होतो. तोवर आमच्याकडे वाटा दोनच होत्या. मार्क पडले तर इंजिनिअरिंग, नाही पडले तर हैदराबादला डिग्री. तिसरी वाट असते, हे मला त्या व्हरांड्यात कळलं.

बारावी झाली. मी तिकडे अर्ज केला होता, त्यांचं बोलावणं आलं. हैदराबादच्या कॉलेजातही जागा मिळत होती. फीचा फरक फार नव्हता, त्यामुळे तो मुद्दा आला नाही. वडील हो म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. शेवटी म्हणाले, "अक्काला विचारू."

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, माझी आत्या. तलमडुगुकडच्या एका खेड्यात तिची कापसाची आणि ज्वारीची शेती. नात्यागोत्यात तिचा मान वेगळाच होता. कोणाची मुलगी द्यायची असली की घर पाहायला आधी तिला नेत. तिची रीत ठरलेली होती. न कळवता जायचं. आधी पाणी कुठून येतं ते पाहायचं, मग घराला वळसा घालून मागचा उकिरडा, मग स्वयंपाकघर, आणि माणसं सगळ्यात शेवटी. मत होईपर्यंत त्या घरच्या पाण्याला शिवायचं नाही. आमच्याकडे मुलीच्या माणसांनी त्या घरचं पाणी घेतलं म्हणजे होकार दिला, असं धरतात. मग कोणी मागे फिरत नाही. आत्याने तहानलेलं राहून मोडलेल्या सोयरिकी मला चार तरी माहीत आहेत.

आम्ही तिच्या गावी गेलो तेव्हा ती अंगणात ज्वारी पाखडत होती. वडिलांचं ऐकून घेतलं आणि सूप खाली ठेवलं.

"बासरले नेऊन याची पाटी पुजली आपण. सरस्वती तिथं गोदावरीच्या काठी बसून हाय, अन् हा हिमालयात काऊन चालला?"

"तिथं जंगलाचं शिक्षण चांगलं हाय म्हणते, अक्का," वडील म्हणाले.

"जंगल त तुमच्या दाराशी हाय. रोज निस्तं पाहत बसतो का हा?" मग तिने माझ्याकडे पाहिलं. "किती वर्सं?"

"तीन," मी म्हणालो.

"तीन वर्सं परक्याचं मीठ खाईन. पोरगी देतानी घर पाहतो आपण, मंग पोट्ट्याले काऊन असाच फेकता? मी येतो पाहाले."

आत्या स्वतःबद्दल बोलताना कधी 'येतो' म्हणायची, कधी 'येते'. त्या दिवशी 'येतो' म्हणाली. तशी म्हणाली की ती ऐकत नसे.

माझा आतेभाऊ गोठ्याच्या दारातून म्हणाला, "मामा, पोराले सासरी धाडून राह्यले का? मंग हळद लावूनच धाडा ना. येतानी जावई घेऊन या."

"तू गप ऱ्हाय," आत्या म्हणाली. "तुह्या बायकोचं घर म्याच पाह्यलं होतं. तुलेच कोनी पाह्यलं नाही, म्हणून फसले ते."

घरी परतल्यावर वडील आईशी हळू आवाजात बोलत होते. ते मला ऐकू गेलं. "अक्का नाहीच म्हणेल. त्या थंडीत, त्या आडजागी तिला काय पसंत पडतंय? म्हणजे आपण नाही म्हटल्यासारखं होणार नाही." आईने विचारलं, "आणि तिने हो म्हटलं तर?" वडील म्हणाले, "अक्का?" आणि हसले.

त्यांचं नाही का होतं, ते मला माहीत होतं. आमच्या भागात नोकरी मिळते ती लोकल उमेदवाराला, आणि लोकल कोण हे बरंचसं शिक्षण कुठे झालं यावर ठरतं. वडील जुना शब्द वापरत, मुलकी. मी बाहेर शिकलो तर गैरमुलकी ठरेन, तिकडेही परका आणि इकडेही परका, ही त्यांची भीती होती. मी एकुलता एक. भीती खोटी नव्हती. म्हणून मी वाद घातला नाही. पण आत्याच्या नकारासाठी मला दिल्लीपलीकडे नेत आहेत, हे कळल्यापासून माझी भूक गेली होती.

आदिलाबादहून बसने नागपूर, तिथून दिल्ली, पुढे दुसरी गाडी आणि मग डोंगरातली बस. बसमध्ये आत्याने वळणं संपेपर्यंत डोळे मिटून घेतले. बस एका लहानशा बाजारात थांबली. वरपर्यंत जायला जीप मिळत होती, पण ती लांबून वळसा घालून जाई. पायवाट चार किलोमीटरची होती. हे मला त्या गटाने दिलेल्या नकाशावरून माहीत होतं.

इथे चूक माझी झाली. मी आकड्यांचा माणूस. चार किलोमीटर म्हणजे आत्याच्या गावाहून डांबरी सडकेपर्यंतचं अंतर. आत्या ते डोक्यावर ओझं घेऊन तासाभरात चालायची. मी तसं सांगितलं. नकाशावर त्या वाटेला एकमेकींना चिकटलेल्या वळणदार रेषा आडव्या गेल्या होत्या. त्या मला शोभेच्या वाटल्या होत्या. काळ्या मातीच्या सपाटीवरच्या माणसाला अंतराला उंची असते, हे कोण सांगणार? उटनूरच्या टेकड्यांनाच आम्ही डोंगर म्हणत होतो.

पहिल्या तासात आम्ही निम्मी वाटसुद्धा चढलो नाही. आत्या लुगड्याचा ओचा खोचून चालत होती. घरून आणलेल्या फिरकीच्या तांब्यातलं पाणी संपलं. वडिलांनी खांद्यावरची पिशवी दोनदा बदलली आणि मग माझ्याकडे दिली.

"पोट्ट्या," आत्या एका दगडावर बसत म्हणाली, "तुह्यं चार किलोमीटर रबराचं हाय का रे?"

मी नकाशाची घडी घालून खिशात ठेवली.

"गणितात किती मार्क होते म्हणे याले?" तिने वडिलांना विचारलं.

"नव्वदच्या वर."

"मंग मास्तरबी सपाटीवरचाच असन."

आणखी बरंच चढल्यावर एका वळणावर कड्यातून दगडी नळीने पाणी पडत होतं. खाली स्वच्छ कुंडी होती. आत्या पुढे झाली, तोंड धुतलं आणि ओंजळीने पाणी प्यायली. पुन्हा प्यायली. "माय माय, काय गार हाय," असं म्हणून डोक्यावरही घेतलं. मग वडील प्यायले, मी प्यायलो. आम्ही तिघेही तिथेच बसलो. खाली सगळी दरी दिसत होती. आपण एवढे वर आलो हे तेव्हा कळलं.

वरून दोन मुली बादली आणि झाडू घेऊन आल्या. आम्हाला नमस्कार करून त्या कुंडीतली पानं काढू लागल्या. वडिलांनी विचारलं, कॉलेज अजून किती लांब आहे?

"बस आ ही गया, अंकल. यह पानी भी कॉलेज का ही है. सारे हॉस्टल यही पीते हैं, इसलिए हम लोग बारी से साफ़ करते हैं."

आत्या पदराने तोंड पुसत होती. तिचा हात थांबला.

"काय म्हणते ते?"

वडिलांनी सांगितलं. सांगता सांगता त्यांच्याही लक्षात आलं, कारण शेवटचे शब्द त्यांनी फार हळू उच्चारले.

आत्याने कुंडीकडे पाहिलं, मुलींकडे पाहिलं. "मंग त झालं," ती म्हणाली.

"काय झालं?" वडिलांनी विचारलं.

"काय झालं म्हणून काय इचारतं, बापू? त्याईच्या घरचं पानी पेलो ना आपण. तिघंबी पेलो. आता नाही म्हणाले तोंड हाय का?"

"अक्का, हे कॉलेज आहे. सोयरीक नाही."

"पानी पानीच असते."

"आपल्याला माहीत नव्हतं."

"इचारलं असतं त माहीत झालं असतं. आजलोक पन्नास घरं पाह्यली म्या, अशी कदी चुकली नाही." ती खरोखर खजील झाली होती. "हा चढच वाईट. माणसाची अक्कल खाली ऱ्हाते."

त्या मुलींना काही कळत नव्हतं. त्यांच्यातल्या एकीने मला विचारलं, "माताजी को पानी अच्छा नहीं लगा?" मी म्हणालो, "नहीं, बहुत अच्छा लगा." मला हसू आवरत नव्हतं, आणि वडिलांकडे पाहायची हिंमत होत नव्हती. ज्या नकारासाठी ते एवढ्या लांब आले होते, तो त्या कुंडीत वाहून गेला होता. आता नाही म्हणायचं तर त्यांना स्वतःलाच म्हणावं लागणार होतं.

मला वाटलं, आता आत्या काही पाहणार नाही. पण फाटकाच्या आत गेल्यावर ती म्हणाली, "आता त लयच बारीक पाहा लागन. दिल्या घरचे ऐब आधी माहीत पाहिजे."

इमारती दगडाच्या आणि बसक्या होत्या. सगळीकडे पायऱ्या. मुलं पाठीवर पिशव्या घेऊन चालत होती. सपाट जागा म्हणून दिसली ती एवढीच, एका अंगणापुरती. आत्याने इकडेतिकडे न पाहता स्वयंपाकघराला वळसा घातला आणि थेट मागे गेली. तिथे ओळीने खड्डे होते. एका खड्ड्यात जाड चष्म्याचा एक मुलगा बाह्या सारून फावड्याने कुजलेलं खत वरखाली करत होता.

"शेण कुठून आणता?" आत्याने विचारलं. मी तिचं बोलणं हिंदीत सांगत होतो.

खेचरवाल्यांकडून लीद मिळते, त्याने सांगितलं. बाकी पानं आणि स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं. आत्या खड्ड्याच्या कडेला बसली आणि तिने कोपरापर्यंत हात आत घातला. मग मान हलवली. आत ऊब होती. त्या थंडीत तिला ते अपेक्षित नव्हतं.

"हे काम पगारी माणूस करते का?"

"नहीं माताजी, सबकी बारी लगती है. इस हफ़्ते मेरी है."

"तुहा बाप काय करते?"

"डॉक्टर हैं."

"त्याले माहीत हाय, तू इथं लीद उलथतं म्हणून?"

मुलगा हसला. "जी. मम्मी को नहीं बताया."

आत्यालाही हसू आलं. ती मला म्हणाली, "हे पोट्टं चांगलं हाय. ह्याच्या खोलीत ऱ्हाय तू."

पण बाकीच्या गोष्टींत तिने काही सोडलं नाही. दुपारी वसतिगृह सांभाळणाऱ्या प्राध्यापिका भेटल्या, तेव्हा तिने सगळे ऐब तोंडावर सांगितले. चुलीचा धूर बाहेर जात नाही. वरणात डाळ शोधावी लागते. खिडक्यांच्या फटीतून वारा येतो. रजया पातळ आहेत. एवढी पोरं आणि एक म्हैस नाही. प्राध्यापिकाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, धुराचं आणि खिडक्यांचं खरं आहे, यंदा खिडक्या होतील, धुराचं सांगता येत नाही. म्हैस इथे चढणार नाही. मग चहा आला. आत्याने तो लगेच घेतला. "आता काय लाज," ती म्हणाली.

विभागप्रमुख माझ्याशी थोडं बोलले. आमच्याकडे कोणती झाडं आहेत, सागाची पानं कधी गळतात, असं काहीबाही. मी पावसाचं सांगितलं. ते मला घेतील असं त्यांच्या बोलण्यावरून दिसलं. मग वडिलांनी खुर्ची पुढे ओढली.

"साहेब, इथून शिकून हा पुढे काय होईल?"

काही वनखात्यात जातात, काही शिकवतात, विभागप्रमुख म्हणाले. काही घरी परततात आणि इथलं शिकलेलं कुठेच उपयोगी पडत नाही. काही पहिल्याच हिवाळ्यात पळून जातात. "लिहून देता येणार नाही," असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. वडिलांनी मुलकीचं सगळं प्रकरण त्यांना समजावलं. त्यांनी दोन-तीन प्रश्न विचारले आणि म्हणाले, "तुमची काळजी रास्त आहे. माझ्याकडे तिचं उत्तर नाही."

वडील उठले आणि मला बाहेर घेऊन आले. समोर कठडा होता, त्यापलीकडे दरी. आत्या लांब उन्हात बसली होती.

"बोल," ते म्हणाले.

मी तयारी करून आलो होतो. इथे किती मुलांमागे एक शिक्षक, हैदराबादला किती, इथे रानात किती तास, तिथे किती, असं सांगू लागलो.

"आकडे ठेव बाजूला. तुला इथं राहायचंय का?"

एवढ्या दिवसांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. आत्यानेही नाही, आईनेही नाही. खरं सांगायचं तर मी स्वतःलाही एवढ्या सरळ विचारलं नव्हतं.

"हो," मी म्हणालो.

"या थंडीत?"

"हो."

"आणि उद्या आपल्याकडे नोकरी नाही मिळाली तर?"

बरंच काही सांगता आलं असतं. पण तोंडात आलं ते एवढंच, "माहीत नाही, बाबा."

ते कठड्यावर हात टेकून उभे राहिले. त्यांची भीती पुढे अर्धी खरी ठरली. मला आमच्याच जिल्ह्यात काम मिळालं, पण बरोबरीच्यांपेक्षा उशिरा, आणि मधली काही वर्षं ओढीची गेली. त्या दिवशी हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

"त्यांनाही माहीत नाही, तुलाही माहीत नाही," वडील म्हणाले. "निदान दोघं एकच सांगता." मग माझ्याकडे वळले. "एक लक्षात ठेव. अक्का पाणी प्यायली म्हणून मी तुला इथे ठेवत नाही. तसं असतं तर मी तिला समजावलं असतं. मी ठेवतो म्हणून ठेवतो."

एवढं बोलून ते आत गेले. दारातून मला त्यांची पाठ दिसत होती. खुर्चीत बसताना त्यांनी कोट नीट केला, हे आठवतं.

वर्ग चार दिवसांत सुरू होणार होते. परत जाऊन पुन्हा येण्यात अर्थ नव्हता. आत्या म्हणाली, "वऱ्हाड बिनसामानाचं आलं," आणि वडिलांना घेऊन कॉलेजाच्या जीपने खालच्या बाजारात गेली. संध्याकाळी दोघं माझ्यासाठी जाड रजई, बूट आणि लोकरीची टोपी घेऊन वर आले. टोपी आत्याने निवडली होती. तिचा रंग जांभळा होता. मी दोन हिवाळे ती घातली आणि त्यावरून पुष्कळ ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. जीप होती, पण आत्या म्हणाली, "उतराचं पायीच बरं." वडिलांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढे चालू लागले. आत्याने माझी अलाबला घेतली, बोटं कडाकडा मोडली आणि म्हणाली, "उपाशी झोपू नको. वरण पातळ असन त दोन वाट्या पे."

मला नव्या मुलांच्या बैठकीला जायचं होतं, म्हणून मी फाटकापाशीच थांबलो. पहिल्या वळणावर ते दिसेनासे झाले. मी परत फिरणार तेवढ्यात खालून आत्याचा आवाज आला. डोंगरात आवाज वर येतो. वाटेत तिला खेचरवाला भेटला असावा, आणि आता हिंदी सांगायला मी नव्हतो, म्हणून तिने स्वतःच बोलायला सुरुवात केली होती.

"ओ भैया, उप्पर कॉलेज में हमारा पोट्टा है. आते-जाते देखते जाना बापा."

"कौन-सा, माताजी?"

"दुबला-सा है. टोपी जांभळी. कुच बी दिखा तो गिनते रहता."

"अच्छा, अच्छा. देख लेंगे."

"अभी गया तो देखना. रोता होगा."

मी रडत नव्हतो. खेचरवाला वर यायच्या आत मी बैठकीच्या खोलीकडे पळत सुटलो.